हाताच्या पाठीवरचं ऊन

हन्नानं स्टुलावर चढून व्हेंटिलेटरच्या काचेवर काळ्या कार्डशीटचा तिसरा थर दाबला आणि चिकटपट्टी दातांनी तोडली. खाली उतरल्यावर तिनं आधी भिंतीकडं पाहिलं. ठिपका तिथंच होता. रुपयाएवढा, पांढरा, कडेला किंचित थरथरणारा. सकाळी तो कपाटाच्या दारावर होता. आता सरकत सरकत पलंगाच्या पायथ्याशी भिंतीवर आला होता आणि चादरीबाहेर राहिलेली पप्पांची टाच त्याच्यापासून वीतभर लांब होती.

तिनं टाच झाकली. मग भोक शोधू लागली.

“समोर, वर,” पलंगावरून पप्पा म्हणाले. “उजेड सरळ रेषेत येतो. ठिपका कुठं पडलाय आणि सूर्य कुठल्या बाजूला आहे, एवढं कळलं की झालं. सातवीचा धडा आहे.”

“पाय आत घ्या तुम्ही.”

“घेतला.”

एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकाशेजारी भिंत तेवढीशी पोखरली होती. हन्नानं स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा गोळा आणला आणि अंगठ्यानं आत चेपून बसवला. भिंतीवरचा ठिपका विझला. तरी तिला हायसं वाटलं नाही. एक सापडला, म्हणजे न सापडलेले आणखी असणार, असंच तिला या सहा दिवसांत वाटत आलं होतं.

शांतवन पाटोळे सरांनी चौतीस वर्षं राहात्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही ते नवरा-बायको राहात्यातच राहिले. गेल्या पावसाळ्यात त्यांना भाकरीचा घास अडकायला लागला. दिवाळीपर्यंत भातही उतरेना. अन्ननलिकेत गाठ होती. वय शहात्तर, त्यात हृदय अधू, त्यामुळं शस्त्रक्रियेचं नाव कुणी काढेना. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी उजेडाचा उपचार सुचवला. झाडाच्या हिरव्या रंगद्रव्यापासून बनवलेलं औषध शिरेतून द्यायचं. ते अंगभर पसरतं, पण गाठीत जास्त मुरतं आणि तिथं नुसतं बसून राहतं. त्यानं काही होत नाही. मग घशातून बारीक नळी घालून गाठीवर तांबडा उजेड सोडायचा. उजेड मिळाला की औषध जागं होतं आणि ज्या पेशीत असेल ती जाळतं. गाठ मुळापासून जाईलच असं नाही, पण घास उतरायची वाट मोकळी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

पप्पांना त्या उपचाराचं भलतंच कौतुक वाटलं होतं. काळपट हिरव्या औषधाची बाटली सलाइनच्या दांडीला लागली, तेव्हा ते नर्सला म्हणाले होते की आयुष्यभर पोरांना क्लोरोफिल शिकवलं, आता ते माझी परीक्षा घ्यायला आलंय.

हन्नाला मात्र डॉक्टरांचं एकच वाक्य लक्षात राहिलं होतं. औषध अंगभर पसरतं. म्हणजे पप्पांच्या गालात होतं, पापण्यांत होतं, हातांच्या पाठीवर होतं. जिथं ऊन पडेल तिथं ते जागं होणार होतं. म्हणून तिनं त्यांना राहात्याला न नेता सावेडीतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेतली. त्यांच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावला, त्यावर रजई टांगली, दाराच्या फटीला टॉवेलची गुंडाळी घातली. एक झिरोचा दिवा तेवढा ठेवला, तोही कपाटाच्या मागं.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर सगळं लिहिलं होतं. थेट ऊन टाळा, प्रखर दिवे टाळा, काळा चष्मा वापरा. त्याच्याखालीच आणखी एक ओळ होती, खोलीत काळोख करून बसू नका. घरातल्या मंद उजेडानं औषध हळूहळू फिकं होत जातं. ही ओळ हन्नानं पहिल्याच दिवशी वाचली होती. दोनदा वाचली होती. ज्यानं जळतं, त्याचंच थोडं थोडं बरं करतं, हे पुस्तकात वाचलं असतं तर तिला पटलं असतं. पप्पांच्या कातडीच्या बाबतीत पटलं नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि रजईला आणखी दोन चिमटे लावले.

बुधवारी दुपारी गहिनीनाथ आला. पाथर्डीकडचा. त्याचे आई-बाप दरसाल दसरा-दिवाळी उरकली की ऊस तोडायला जात आणि तो राहात्याच्या बोर्डिंगात राही. नाताळच्या सुट्टीत बोर्डिंग रिकामं झालं की सर त्याला घरी आणत. आता त्याची राहात्याजवळ भाजीच्या रोपांची नर्सरी होती, पोटही सुटलं होतं; पण सरांसमोर खुर्चीवर बसायची त्याची अजून छाती होत नव्हती. हन्नानं त्याला मधल्या बोळात घेतलं, बाहेरचं दार लावलं, मोबाईल काढून ठेवायला लावला आणि मगच आतलं दार उघडलं. तो चाचपडत जाऊन पलंगाशी जमिनीवर बसला.

“अंधार लई केलाय, ताई.”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरांनी ऊन नको सांगितलंय,” पप्पा म्हणाले. “अंधार हिनं सांगितलाय.”

गहिनीनाथ हसला आणि हन्ना हसली नाही हे कळताच त्यानं हसू आवरलं. मग आपल्या धंद्याचं सांगू लागला. शेडनेटमधलं रोप शेतकऱ्याला द्यायच्या आधी आठ-दहा दिवस ते नेट रोज थोडं थोडं सरकवत. एकदम उन्हात ठेवलं तर रोप मान टाकतं.

“पन लई सावलीत ठिवलं तरी वंगाळच की,” तो म्हणाला. “नुसतं उंच हुतं. पांढरं पडतं. दांडा धरत न्हाई.”

“बघ,” पप्पा हन्नाला म्हणाले. “आणि हा माझ्या विषयात नापास झाला होता.”

“सहामाहीला, सर. एकदाच.”

“दोनदा.”

“दुसऱ्या टायमाला मार्क वाढवून पास केलं हुतं तुमी.”

तो मुद्दाम आला होता तो रविवारचं सांगायला. रविवारी हन्नाच्या आईला जाऊन वर्ष होणार होतं. राहात्याच्या दफनभूमीत कबरीवर दगड बसवायचा होता. दगड घडवून झाला होता, गहिनीनाथ स्वतः टेम्पोतून तो आणणार होता. पाळकसाहेबांना तीन गावांची उपासना असल्यामुळं त्यांनी सकाळी सातची वेळ दिली होती. पंधरा मिनिटांची प्रार्थना. सरांसाठी तो पडदे लावलेली गाडी आणणार होता, मोठी छत्री आणणार होता, कबरीवर चार बांबू रोवून नेट ताणायचीही त्याची तयारी होती.

“ते उद्याच्या परीक्षेवर आहे,” हन्ना म्हणाली.

परीक्षा साधीच होती, कागदावर आकृतीसकट दिली होती. सातव्या दिवशी हात कागदी पिशवीत घालायचा, पिशवीला हाताच्या पाठीवर येईल असं दोन बोटं रुंदीचं भोक पाडायचं आणि दहा मिनिटं उन्हात धरायचं. चोवीस तासांनी बघायचं. तेवढी जागा लाल झाली, सुजली, गरम लागली, तर औषध अजून अंगात आहे, आठ दिवस थांबून पुन्हा करा. काही झालं नाही, तर हळूहळू बाहेर पडायला हरकत नाही.

गहिनीनाथ गेल्यावर पप्पांनी उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाले की बांबू वगैरे नकोत त्याला सांग, तुझी आई चारचौघांत हसली असती.

गुरुवारी साडेनऊला पुढच्या खोलीच्या खिडकीत ऊन आलं. हन्नानं पप्पांना दोन सदरे घातले, डोक्याला मफलर गुंडाळला, काळा चष्मा लावला, पायांवर घोंगडी टाकली. खिडकीपाशी पडदा ओढून घेतला आणि पडद्याच्या फटीतून फक्त पिशवी घातलेला उजवा हात बाहेर काढला. मार्चचं ऊन होतं, नऊ वाजल्यापासूनच पांढरं पडलेलं. समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया घालत होतं.

“पानाला असंच करायचो आम्ही,” पडद्याआडून पप्पा सांगत होते. “कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची. मग पानाला काळा कागद लावायचा, मधे खिडकी कापलेली. दिवसभर उन्हात. संध्याकाळी पान उकळून आयोडीन टाकलं की तेवढीच खिडकी निळी-काळी. पोरं कागदाला चांदणी कापायची, बदाम कापायची. एकानं पोरीचं नाव कापलं होतं.”

हन्ना घड्याळाकडं बघत होती. चार मिनिटं. भोकातून दिसणारी कातडी सावळी, सुरकुतलेली, तिच्यावर दोन करडे केस चमकत होते. पापणी न लववता ती त्या गोलाकडं बघत राहिली. तिथं आत्ताच, तिला दिसणार नाही इतकं खोल, काहीतरी जागं होत असेल.

“पप्पा, तेच हिरवं पानात असतं. मग पान का जळत नाही?”

विचारल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सहा दिवसांत तिनं त्यांना गोळी घेतली का, पाणी हवं का, याखेरीज काही विचारलं नव्हतं.

“पानात ते एकटं नसतं,” ते म्हणाले. “उजेड घेतला की तो पुढं कुणाला तरी द्यायचा असतो, आणि घेणारं शेजारी उभं असतं. बादल्या पुढं देतात ना आग लागल्यावर, तसं. इथं माझ्या अंगात घेणारं कुणी नाही. मग जवळ जे सापडेल त्याच्यावर ते ओतून मोकळं होतं.” मग त्यांनी विचारलं, “किती झाली?”

“सात.”

“तू श्वास घे मधूनमधून.”

दहा मिनिटं झाली तेव्हा तिनं हात एवढ्या घाईनं आत ओढला की पिशवी फाटली.

तो दिवस तिनं कसाबसा काढला. दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी पप्पांनी वाटीभर खाल्ली. चार महिन्यांत पहिल्यांदा भाकरी उतरली होती. ते प्रत्येक घासाला थांबत होते, तो खाली गेला की मान हलवत होते. ती वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. तिच्या डोक्यात मात्र गेल्या वर्षीचा इस्पितळातल्या पलंगाचा कठडा आला. त्याला धरून आई म्हणाली होती, हन्ना, मला घरी ने. डॉक्टर म्हणत होते, दोन दिवस आणखी थांबा. पप्पा बाहेर बाकावर बसले होते, ते म्हणाले, तू ठरव. हन्नानं ठरवलं. स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर सही केली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा मागितला आणि चहाला उकळी येईपर्यंत ती गेली होती. त्याबद्दल पप्पा तिला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित बरं झालं असतं. तेव्हापासून कुठल्याही गोष्टीला हो म्हणायच्या आधी तिला ती सही आठवे.

शुक्रवारी साडेनऊला चोवीस तास झाले. तिनं आतलं दार उघडून बोळातली ट्यूब लावली आणि पलंगाच्या कडेला बसली. पप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. या उपचारामुळं त्यांची शस्त्रक्रिया लांबली होती. वर्तमानपत्राचा मथळासुद्धा त्यांना दिसत नसे. त्यांनी हात पुढं केला आणि तोंड दुसरीकडं वळवलं, इंजेक्शन घेताना माणूस वळवतो तसं.

हन्नानं हात मांडीवर घेतला. मनगटाजवळ सलाइनच्या सुईचा पिवळा पडलेला डाग होता. वयाचे तपकिरी ठिपके होते, फुगलेल्या शिरा होत्या. गोल कुठंही नव्हता. तिनं हात ट्यूबकडं वळवला, तिरपा धरला. बोटानं दाबून सोडलं. आपला गाल तिथं टेकवून पाहिला. बाकीच्या हाताइतकाच गार होता. डाव्या हाताशी जुळवला. काहीच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा स्वच्छ हात.

“काय दिसतंय?”

रविवार सकाळ तिच्यासमोर उभी राहिली. गाडीतून उतरणारे पप्पा, वाऱ्यानं उलटलेली छत्री, उघड्या माळावरचं सात वाजताचं आडवं ऊन, ते थेट चेहऱ्यावर येतं. आणि गहिनीनाथ विचारतोय, ताई, नेऊ ना सरांना? आणि ती हो म्हणतेय.

“लालसर आहे,” ती म्हणाली.

ट्यूबचा बारीक आवाज येत होता.

“सूज?”

“थोडी.”

“कडा स्पष्ट आहे?”

“हो. गोल दिसतोय.”

“गरम लागतंय तुला?”

“थोडं.”

त्यांनी हात काढून घेतला नाही. डाव्या हाताचा अंगठा सावकाश त्या जागेवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि मग तो अंगठा तिथंच ठेवला. प्रयोगवहीत पोरानं पुस्तकातलं उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवले की ते असेच गप्प होत. हन्नाला ते ठाऊक होतं. ती त्यांच्या वर्गात तीन वर्षं बसली होती. वर्गात ते रागावत नसत. फक्त वही परत देत.

“बरं,” ते म्हणाले. “गहिनीनाथला सांगून टाक मग.”

“हो.”

“तो दगड बसवील नीट. काटकोन कळतो त्याला.”

“व्हिडिओ कॉल करू आपण. तुम्हाला दाखवीन सगळं. आवाज तरी...”

“हं.”

ती उठली नाही. मधल्या बोळातून ट्यूबच्या उजेडाचा पट्टा फरशीवर येऊन त्यांच्या दोघांच्या पायांवर पडला होता आणि पहिल्यांदाच तिनं त्यांचे पाय झाकले नव्हते. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बराच वेळ होऊन गेला होता.

“हन्ना.”

“काय?”

“एका निरीक्षणावर मी कधी कुणाला पास केलं नाही. नापासही केलं नाही. डावा हात आहे अजून.” ते भिंतीला टेकून बसले. “आज त्याचं करू. उद्या बघू. उद्या शनिवार.”

“कागदावर लिहिलंय, पप्पा. लाल आलं तर आठ दिवस थांबायचं. मधे पुन्हा करायचं नाही.”

“हो,” ते म्हणाले. “लाल आलं तर.”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, समजूत घालणं नव्हतं. त्यांनी डावा हात तिच्या मांडीवर ठेवला, उजव्याच्या शेजारी, आणि तोंड पुन्हा भिंतीकडं वळवलं. ती काही बोलेल म्हणून ते थांबले असावेत, किंवा काही बोलू नये म्हणून. दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. दोन्ही सारखेच होते.

बाहेर रस्त्यानं भाजीची गाडी ओरडत गेली. पुढच्या खोलीत खिडकीतलं ऊन आता सोफ्यापर्यंत आलं असेल, तासाभरात निघून जाईल.

हन्ना उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं किराणा सामानाची एक खाकी पिशवी रिकामी केली, झटकली, ओट्यावर सपाट केली. पेन्सिलीनं गोल काढला आणि कात्रीनं कापला. हातात धरून उजेडाकडं पाहिलं. भोक जेमतेम नखाएवढं झालं होतं.

तिनं पिशवी पुन्हा ओट्यावर ठेवली. दोन बोटं जुळवून भोकावर धरली, कडेनं पेन्सिल फिरवली आणि ते मापात कापलं.